डाव्या कानाची गोष्ट

कांचीपुरम,
सोमवार, २२ जानेवारी १९९६

प्रिय अक्का,

पाया पडतो. खुशाली मागून, आधी आजचा हिशोब.

मद्रासच्या एका जोडप्याला दिवसभर मोटारीतून देवळं दाखवायची होती. दुसरं कुणी सोबत नको, फक्त त्यांच्यासाठी. हॉटेलनं साडेतीनशे ठरवून दिले. पेट्रोल शंभराचं, ड्रायव्हर कासिमचे साठ, हॉटेलच्या मॅनेजरचा हात ओला करायचे वीस, नारळ, फुलं, कापूर. दीडशे तरी हातात उरले. वर बाईंनी पन्नासाची कोरी नोट बक्षीस दिली. हा झाला बोटांवरचा हिशोब. खरा खर्च किती आला ते शुक्रवारी कळेल.

म्हणजे तसं काही नाही. लगेच देवापुढे जाऊन बसू नकोस.

इकडे सगळे ठीक. तुझ्या भावजयीचा, दैवानैचा गुडघा बरा आहे, जीभ त्याहून बरी आहे. तू पाठवलेलं आंब्याचं लोणचं संपलं, बरणी तुझ्या लेकीबरोबर, कुमुदाबरोबर परत पाठवतो. पोंगल झाल्यापासून गावात नुसती लग्नं. रेशमाच्या दुकानांतून पाय ठेवायला जागा नाही.

शुक्रवारचं सगळं ठरल्याप्रमाणे आहे. सव्वीस जानेवारीची सुट्टी, म्हणजे कुमुदाला रजा मागायला नको. ती मद्रासहून सकाळच्या बसनं येईल, मी स्टँडवर असेन. मग एकांबरनाथाच्या देवळात, मागच्या आंब्याच्या झाडाखाली, मुलाकडच्यांशी ‘सहज’ गाठ पडेल. ज्या कुणी ही रीत काढली त्याला माझा दंडवत. दोन्हीकडचे दर्शनाला आले, बोलले, जमलं तर जमलं. नाही जमलं तर प्रसाद खात आपापल्या वाटेनं. पोरीला नाकारली असं म्हणायला कुणाच्या तोंडात शब्दच राहत नाही. हे चौथं स्थळ आहे, अक्का. तिन्ही वेळा आपण प्रसादच खाऊन आलो.

तू येणार नाहीस, नवरा नसलेल्या बाईनं अशा वेळी समोर उभं राहू नये, हे तू तिसऱ्यांदा लिहिलंस. मागच्या दोन्ही वेळा मी तुझ्याशी भांडलो. या वेळी भांडत नाही. सगळी बोलणी मामानं करायची, हे मान्य.

फक्त एक विचारतो. शुक्रवारऐवजी पुढच्या महिन्यात केलं तर? शुक्रवारी साडेदहापासून राहुकाळ आहे, गर्दी असेल, सुट्टीची शाळेची पोरं असतील. मध्यस्थाला मी काहीतरी सांगेन. आणि पुढे ढकलायचं नसेल तर कुमुदाला होस्टेलवर कळव की मोठे झुमके घाल, केस कानावरून घे, आणि मुलाकडचे कुणी असतील ते तिच्या उजव्या बाजूला राहतील असं बघ. डाव्या बाजूला मी उभा राहीन. मागून कुणी हाक मारलीच तर मी खोकेन.

तुला वाटेल आज याला झालंय काय. काही नाही. दिवस लांब होता. माणसं चांगली होती, पहिल्यांदाच कांचीला आलेली. तेवढं मला पाहताक्षणी कळतं. देवळाच्या दारात लोकांच्या चपला सांभाळण्यापासून सुरुवात केली मी. माणूस चपला कशा काढतो त्यावरून तो बक्षीस किती देणार ते सांगतो. आणि गिऱ्हाइकाचा चेहरा एकदा पाहिला की जन्मात विसरत नाही. तीस वर्षांत एकदाही चुकलो नाही.

उत्तर लगेच टाक. मरुदमुत्तूच्या दुकानातून फोन करू नकोस. तो वजनकाट्यावरचा हात थांबवून ऐकतो.

तुझा,
एकांबरम

&nbsp;

कांचीपुरम,
बुधवार, २४ जानेवारी

अक्का,

तुझं पत्र अजून आलेलं नाही, येईल तेव्हा येईल. पाया पडतो आणि सरळ सांगतो. परवाच्या पत्रात मी नुसता गोल गोल फिरलो. पत्र टाकून आलो तर दैवानैनं विचारलं, “लिहिलंत?” मी म्हटलं, “लिहिलं.” ती म्हणाली, “काय लिहिलंत?” मी म्हटलं, “झुमके घाल म्हणून.” तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही, फक्त भांड्यांशी बोलते. मला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.

सोमवारचं जोडपं म्हणजे शुक्रवारचेच मुलाकडचे होते.

घे श्वास. आता पहिल्यापासून सांगतो.

हॉटेलच्या चिठ्ठीवर होतं, ‘खोली ११, टी. एस. प्रकाश आणि पत्नी’. मध्यस्थानं आपल्याला सांगितलेलं, ‘किल्पॉकचे शिवप्रकाशम’. मुलाचा फोटो तुझ्याकडे, आईबापाचा फोटो कुणाकडेच नाही. मला कुठून कळणार?

सकाळी कैलासनाथाला नेलं. तिथे गाभाऱ्याभोवती तो अंधारा बोळ आहे ना, वाकून शिरायचं, रांगत फिरायचं आणि बिळासारख्या भोकातून बाहेर पडायचं. मी नेहमीप्रमाणे म्हटलं, “यातून बाहेर पडलेल्याला पुन्हा जन्म नाही.”

नवरा म्हणाला, “मला हाच पुरे झालाय. मी इथे बसतो.”

“बघा,” बाई मला म्हणाल्या, “तीस वर्षांचा संसार झाला, अजून हे खांबाला टेकूनच बसतात.” आणि पदर खोचून शिरल्या आत. तिलकवती अम्मा नाव त्यांचं, हे मला नंतर कळलं. शरीरानं भारदस्त. शिरल्या हुशारीनं, बाहेर येताना खांद्यापाशी अडकल्या.

“अहो, हात द्या!”

नवऱ्यानं डाव्या कानामागे तळवा धरला. “काय?”

“हात द्या म्हणते!”

फाटकाजवळ गाडी पुसणाऱ्या कासिमला ऐकू गेलं, पलीकडच्या दूधवाल्याला गेलं, शेजारी बसलेल्या नवऱ्याला नाही. शेवटी मी आणि कासिमनं मिळून त्यांना ओढून काढलं. बाहेर येऊन धूळ झटकत त्या नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, “आता मला पुन्हा जन्म नाही. पुढच्या जन्मीची बायको तुमची तुम्ही बघा.” पण चालायला लागल्या तेव्हा वळसा घालून त्याच्या उजव्या बाजूला गेल्या. माझ्या लक्षात आलं, डावा कान गेलाय. आणि मी मनात म्हटलं, आज कान.

माझ्या धंद्याची ही एक खुबी तुला मी कधी सांगितली नाही. माणसाला देऊळ किती जुनं आणि कुणी बांधलं हे ऐकायचं नसतं. त्याला आपल्या दुखण्याचा देव भेटायला हवा असतो. कच्छपेश्वर डोक्याच्या सगळ्या दुखण्यांचा देव. कार्तिकातल्या रविवारी नव्या मडक्यात पिठाचा दिवा लावायचा, मडकं डोक्यावर घेऊन फेरी घालायची. डोळे, कान, अर्धशिशी, सगळं चालतं. मी मंडळींकडे बघतो आणि ठरवतो. चष्मे दिसले की डोळे. हात कानामागे गेला की कान.

तर कच्छपेश्वराच्या मंडपात मी गोष्ट सांगितली. गोष्टीत एक मुलगी लागते. परकी मुलगी असली तर लोक मान डोलावतात. आपल्या रक्ताची असली तर डोळे पुसतात.

“माझ्या सख्ख्या बहिणीची मुलगी, अम्मा. कुमुदवल्ली. नऊ वर्षांची होईस्तोवर ठार बहिरी. वीज कडाडली तरी ढिम्म. माझ्या बहिणीनं तीन रविवार डोक्यावर दिवा घेतला. तिसऱ्या रविवारी दीपाराधनेची घंटा झाली आणि पोरीनं मान वळवली!”

“दोन्ही कान?” बाईंनी विचारलं.

“दोन्ही, अम्मा.”

“आणि आता?”

अक्का, इथे मी थांबायला हवं होतं. पण गोष्ट फार गुळगुळीत झाली की माणूस खिशावरचा हात काढत नाही. थोडी खोट ठेवावी लागते. मी म्हटलं, “आता एकदम स्वच्छ. फक्त डावा कान जरा मंद. त्या बाजूनं हाक मारली तर दोनदा मारावी लागते. देवानं आठवण म्हणून तेवढं ठेवलंय.”

बाईंचे डोळे भरले. नवऱ्यानं “काय म्हणाले?” विचारलं, तेव्हा त्यांनी त्याच्या उजव्या कानात सगळं सांगितलं आणि त्यानं मडक्याचे पैसे दिले.

तुला खरं माहीत आहे. दोन महिने पोरीचा कान वाहिला. तू दिवा डोक्यावर घेतलास, मी सरकारी दवाखान्यातून थेंब आणले. तू म्हणतेस देवानं बरं केलं, मी म्हणतो थेंबांनी. आणि दोघांनी मिळून जे पुरतं बरं केलं नाही तो डावा कान. सगळ्या गोष्टीत खरं तेवढंच होतं. दुसरं स्थळ त्यावरूनच फिरलं आणि मग आपण चौघांनी ठरवलं की हे आता घराबाहेर जाणार नाही. तू, मी, दैवानै आणि कुमुदा. मी ते पन्नास रुपयांना सांगून आलो.

मग एकांबरनाथ. आंब्याखाली आलो. चार फांद्या, चार चवींचे आंबे, शिवपार्वतीचं लग्न, सगळं सांगून झालं. फोटोवाल्यानं त्यांचा फोटो काढला. तो मेला दर वेळी मलाही मध्ये ओढतो. बाई पारावर टेकल्या.

“इथे म्हणे मुली दाखवतात?”

“दाखवत नाहीत, अम्मा. दिसतात.” हे माझं नेहमीचं. लोक हसतात.

त्याही हसल्या. “मग आम्हालाही शुक्रवारी एक दिसणार आहे. सेलमची. वडील नाहीत. मद्रासला विम्याच्या कचेरीत टायपिस्ट आहे. मामा इथलाच आहे म्हणे.”

माझ्या हातातली छत्री पडली. गर्दीत गिऱ्हाईक चुकू नये म्हणून मी ती उंच धरून चालतो, एवढ्या वर्षांत कधी पडली नव्हती. कासिमनं उचलून दिली. “काय अण्णा, ऊन लागलं?”

बाई माझ्याकडे बघत होत्या. किती वेळ ते सांगता येणार नाही.

संध्याकाळी वरदराजाच्या देवळात छतावरच्या सोन्याच्या पालीखाली उभा राहिलो आणि पालीची गोष्टच आठवेना. “ही पाल,” एवढंच म्हणालो. मागून कासिम हळूच म्हणाला, “हात लावा, पाप जातं.” त्यांनी लावला. मी पण लावला.

आता तू सांग, त्यांना कळलं असेल का? पत्रिकेवर नाव असणारच. नाव कळलं म्हणजे कान कळला. आणि वर हेही कळलं की मामा पोरीचा कान चव्हाट्यावर मांडून पोट भरतो. ते शुक्रवारी येतील असं मला वाटत नाही. मध्यस्थाचा निरोप मात्र अजून नाही. दर सायकलच्या घंटीला मी दारात जातो.

मी दैवानैला म्हटलं, मामा म्हणून तुझ्या भावाला उभं करू. ती म्हणाली, “त्याला तुमच्यासारखं खोटं बोलता येत नाही.” मी म्हटलं, मी मिशी काढतो, ओळखायचे नाहीत. ती म्हणाली, “आणि आवाज? आवाजाचं काय करणार? तोही न्हाव्याकडे ठेवून येणार?” दोन दिवसांत माझ्याशी ती एवढंच बोलली.

मग भांडी घासता घासता भांड्यांना म्हणाली, “कान लपवायचं ठरलं तेव्हाच मी सांगितलं होतं. लपवलेलं आंधळ्यालासुद्धा दिसतं.”

तू शिव्या दे. पण पत्रानं दे.

एकांबरम

&nbsp;

कांचीपुरम,
शुक्रवार, २६ जानेवारी

अक्का,

मघाशी फोनवर मी “ठीक आहे” म्हणालो. तू “ठीक म्हणजे काय?” असं ओरडलीस आणि मरुदमुत्तूनं तुझ्या हातातला फोन घेऊन “ठीक म्हणजे ठीक, ताई!” म्हटलं. त्याला एवढं कळलंय तर बाकीचं तुला पत्रातूनच कळलेलं बरं. कुमुदा उद्या तिकडे येते आहे, तिच्याच हातून हे पाठवतो. तिनं वाचलं तरी चालेल. आता तिच्यापासून लपवण्यासारखं माझ्याजवळ काही उरलं नाही.

पहिलं म्हणजे, मी मिशी काढली.

सकाळी उजाडताच, दैवानै अंगणात रांगोळी काढत असताना, मागच्या दारानं न्हाव्याकडे गेलो. तो वस्तरा हातात धरून थांबला. “अण्णा, कुणी...?” मी म्हटलं, “तू चालव.” चाळीस वर्षांची मिशी, अक्का. त्यानं पैसे घेतले नाहीत. तेव्हाच माझ्या डोक्यात प्रकाश पडायला हवा होता.

स्टँडवर कुमुदा बसमधून उतरली. मोरपंखी साडी, मोठे झुमके, तुझ्यासारखी चालत आली. मला बघितलं आणि हातातली पिशवी तिथेच टाकली.

“मामा! अम्मा गेली?”

“अगं नाही!”

“मग मिशी का काढलीत? खरं सांगा! काल फोन केला तर दुकानदार म्हणाला ताई देवळात आहेत, म्हणजे तो पण लपवत होता!”

भर स्टँडवर ती रडायला लागली. घरात मयत झाल्याशिवाय आपल्यात कुणी मिशीला हात लावत नाही, हे मला सोडून साऱ्या कांचीला माहीत होतं. बसच्या कंडक्टरनं टोपी काढली. एक म्हातारी येऊन म्हणाली, “रडू दे, मोकळं होऊ दे.” मी कुमुदाला समजावलं, तू ठणठणीत आहेस, आजच्या गर्दीत उकाडा होईल म्हणून मिशी काढली. जानेवारीत. तिनं विश्वास ठेवला नाही, पण रडणं थांबवलं. डोळे मात्र सुजले ते सुजलेच. चौथं स्थळ, आणि पोरगी मयतावरून आल्यासारखी.

आम्ही आंब्याखाली गेलो. मला वाटत होतं कुणी येणार नाही, आणि मनातून मी तेच मागत होतो. पण ते आलेले होते. तिलकवती अम्मा, शिवप्रकाशम आणि मुलगा, इळंगोवन. उंच आहे, कान मोठे आहेत, दोन्ही चालतात. अम्मांच्या हातात केळीच्या पानात गुंडाळलेला गजरा होता.

ठरल्यासारखं मी म्हटलं, “अरे वा, तुम्हीही दर्शनाला?” आवाज बदलून बोललो. दैवानैचं ऐकलं असतं तर बरं झालं असतं. कोंबड्यासारखा निघाला.

अम्मांनी आधी माझ्या ओठांकडे बघितलं, मग कुमुदाच्या डोळ्यांकडे. आणि त्यांचा चेहरा पडला. “तुमच्या घरात काही झालंय का? सुतक असेल तर सांगा. शिवाशिव नको, आम्ही नंतर येऊ.” गजऱ्याचा हात त्यांनी मागे घेतला.

अक्का, मला वाट मिळाली होती. ‘हो’ म्हटलं असतं तर ते निघून गेले असते. पण कुणाला मारायचं? तुला? कच्छपेश्वरापुढे मी वाट्टेल ते बोललो असेन, तुझ्या मरणाचं बोलवलं नाही.

“कुणी गेलं नाही,” मी म्हटलं, माझ्याच आवाजात. “तुम्ही ओळखू नये म्हणून काढली. सोमवारी तुम्हाला देवळं दाखवली तो मीच. हिचा मामा.”

“ते मला छत्री पडली तेव्हाच कळलं,” अम्मा म्हणाल्या. “मिशीचा खर्च कशाला केलात?”

कुमुदा माझ्याकडे वळली. “सोमवारी काय झालं, मामा?”

मग सांगावं लागलं. तिच्यासमोर, त्या तिघांसमोर. बहिरी, वीज, दिवा, घंटा. सांगताना पहिल्यांदा कळलं की ती गोष्ट किती वाईट आहे. कुमुदानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “किती वर्षं सांगताय?”

“असेल थोडी.”

“म्हणजे मी आले की फुलवाल्या बायका माझ्याशी ओरडून का बोलतात ते हे! मला वाटायचं कांचीची माणसंच तशी.”

इळंगोवन हसला. मग त्यानं हसू दाबलं. अम्मा मात्र मोकळ्या हसल्या. “मी नवऱ्याला सोमवारीच म्हटलं, याच्या बोलण्यातलं एक अक्षर खरं धरू नका. बहिरी नाही, काही नाही, दिवा नाही नि घंटा नाही. चला, ते जाऊ दे.” आणि गजरा पुढे केला.

मला माझ्या खोटेपणानं वाचवलं होतं. पंधरा आणे खोटं ठरलं, त्याच्याबरोबर तो एक आणा खराही वाहून गेला. फूल पोरीच्या केसांत गेलं की स्थळ पक्कं. फक्त गप्प राहायचं होतं, आणि ते मी आयुष्यात पहिल्यांदा उत्तम करत होतो.

कुमुदानं मान मागे घेतली.

“डाव्या कानाचं खरं आहे,” ती म्हणाली.

अम्मांचा हात तिथेच थांबला.

“बहिरी मी कधी नव्हते. पण डाव्या कानानं कमी येतं. त्या बाजूनं हाक मारलीत तर खरंच दोनदा मारावी लागेल. एकदा यावरून स्थळ मोडलंय.”

पलीकडे शाळेची पोरं झेंडे घेऊन ओरडत होती. अम्मांनी नवऱ्याकडे बघितलं, मग मुलाकडे, आणि त्यांच्या डोळ्यांत मी जे वाचलं ते कुठल्याही आईच्या मनात आलं असतं. एकीकडे हे, दुसरीकडे ही, मग पुढच्या पोरांचं काय? त्यांना वाईट म्हणवत नाही.

“काय म्हणाली ती?” शिवप्रकाशमनी विचारलं.

अम्मा त्यांच्या उजव्या कानाशी गेल्या. “डाव्या कानानं कमी ऐकू येतं म्हणते.”

“जन्मापासून?”

“नऊ वर्षांची असताना कान वाहिला,” कुमुदा मोठ्यानं म्हणाली, थेट त्यांच्याकडे तोंड करून.

“माझा गिरणीच्या भोंग्यानं गेला,” ते म्हणाले. “म्हणजे दोघांचाही बाहेरून आलेला आहे, घरातला नाही.” मग अम्मांकडे वळून, “आज तीस वर्षांत पहिल्यांदा कुणी माझ्याशी बोलताना समोर येऊन बोललं. तू शेजारून ओरडतेस.”

“तीस वर्षं उजव्या बाजूनं चालतेय, ते नाही दिसत!”

“दिसतं. ऐकू येत नाही.”

अम्मांना हसू आलं, पण हात अजून पुढे जाईना. घाबरल्या होत्या, अक्का, आणि मी त्यांच्याहून जास्त. मध्यस्थ, पत्रिका, मामा, कुणाचं काही चालण्यासारखं नव्हतं.

तेव्हा मुलगा पहिल्यांदा बोलला. “अम्मा, फुलं सुकताहेत.”

अम्मांनी एक लांब श्वास सोडला. वळसा घालून त्या कुमुदाच्या उजव्या बाजूला गेल्या आणि गजरा तिच्या केसांत माळला. “आता मी मध्ये,” त्या म्हणाल्या. “दोघं दोन बाजूंना. माझा घसा जाणार.”

स्थळ जमलं, अक्का. चैत्रात तारीख काढायची म्हणतात. एक अट घातली आहे. आमच्या सुनेला यापुढे कुठल्याही देवळात आजारी पाडायचं नाही. मी कबूल केलं. दैवानैनं अट ऐकली आणि चार दिवसांनी मला कॉफी दिली.

आणि लग्नात तू समोर उभी राहायचीस. हे मी नाही, तिलकवती अम्मांनी सांगितलंय. “ज्या बाईनं खरंच दिवा डोक्यावर घेतला ती कुठे आहे?” असं विचारलं त्यांनी. तुला मागे उभं राहायचं असेल तर त्यांच्याशी भांड. मी भांडणार नाही, मला मिशी वाढवायची आहे.

अजून एक सांगायचं राहिलं. निघताना मी अम्मांना विचारलं, “सोमवारी एवढी माणसं गोष्टीला फसली, तुम्ही कशा फसला नाहीत? डोळे तर भरले होते तुमचे.” त्यांनी पर्समधून एक फोटो काढून माझ्या हातात दिला. म्हणाल्या, सोमवारी आवाज ओळखीचा वाटला म्हणून घरी जाऊन ट्रंक उपसली. सहा वर्षांपूर्वी नणंदेच्या मंडळींबरोबर त्या नवऱ्यासह कांचीला आल्या होत्या. तेव्हा मुलगी माझ्या भावाची होती, नाव मीनाक्षी, आणि आंधळी. मला भाऊ नाही हे तुला माहीतच आहे. रडू त्यांना तेव्हाही आलं होतं म्हणे.

फोटो याच आंब्याखालचा आहे. मधोमध मी आहे, मिशीसकट, आणि माझा हात शिवप्रकाशम यांच्या खांद्यावर आहे.

तुझा भाऊ,
एकांबरम